आजीला जागा

दर शनिवारी सकाळी सुनीती आढाव घरातून बाहेर पडे ती थेट रिंग रोडपलीकडच्या कबरस्थानात जाई. पिशवीत पाण्याची मोठी बाटली, जुन्या पंच्याचा तुकडा आणि झेंडूची फुलं. कबर लहान होती. सात वर्षांच्या पोरीला जागा लागते तरी किती! सुनीती आधी दगड पुसायची, मग कडेचं गवत उपटायची, मग तिथंच फतकल मारून बसायची. पावसाळ्यात कबरीवर मेणकापड पसरून, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवून यायची. दिल्लीची थंडी सुरू झाली की शाल घालायची. शाल दुसऱ्या दिवशी गायब असे. चौकीदारानं एकदा समजावून पाहिलं.

"मैडमजी, मत डाला करो. ले जाते हैं लोग."

"ले जाने दो," सुनीती म्हणाली. "एक रात तो ओढ़ेगी."

त्यानं पुन्हा विषय काढला नाही.

एरवी सुनीती चारचौघांसारखीच होती. मूळची पुण्याची, शिकलेली, लग्न होऊन दिल्लीला आलेली. गुरुग्रामच्या एका कंपनीत नोकरीला होती आणि मेट्रोत बसायला जागा मिळाली तर डुलकी काढायची. सासरे दिनकरराव सरकारी छापखान्यातल्या नोकरीसाठी नगरहून दिल्लीला आले आणि हिंदूरावच्या टेकाडाच्या उतारावर त्यांनी दोन खोल्यांचं घर केलं. पुढे मुलानं, राजीवनं, ते वाढवून चार खोल्यांचं केलं. दिनकरराव प्रभूला प्रिय झाले ते जुन्या कबरस्थानात विसावले. ते कबरस्थान भरलं आणि बंदही झालं. घरात उरली तीन माणसं. राजीव, सुनीती आणि राजीवची आई शेवंताबाई.

बँकेनं राजीवला दोनदा पुण्याला बढती देऊ केली. दोन्ही वेळा सुनीती म्हणाली, "तू जा. मी पोरीला एकटीला टाकून येणार नाही." राजीव गेला नाही. भाचीच्या लग्नाला ती नगरला गेली, तीही एका रात्रीपुरती. लग्न लागलं तशी स्टेशनवर येऊन बसली. लॉकडाऊनमध्ये पोलीस चौकीत जाऊन पाससाठी हात जोडले. हवालदारानं विचारलं, "किससे मिलना है?" ती म्हणाली, "बेटी से. अकेली है." त्यानं वय विचारलं. तिनं सात सांगितलं. पत्ता विचारला तेव्हा मात्र तिला बोलता येईना.

असं बारा वर्षं चाललं होतं.

*

सुनीतीची लेक रेवती गेली त्या वर्षी दिल्लीत डेंग्यूनं घराघरांत माणसं झोपवली होती. रेवतीला ताप आला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पाणी पाजत राहा म्हणाले. चौथ्या दिवशी सकाळी सुनीती ऑफिसला निघाली तेव्हा पोरीचं अंग थोडं कोमट होतं. शेवंताबाई म्हणाल्या, "जा तू. मी आहे ना."

दुपारी ताप पार उतरला. म्हातारीनं कपाळाला हात लावला, गळ्याला लावला, पुन्हा कपाळाला लावला. कपाळ गार होतं. तिला आनंद झाला. नगरकडच्या ख्रिस्ती घरातली रीत अशी, की संकट टळलं की आधी उपकारस्तुती, मग बाकीचं जग. तिनं चर्चच्या मंडळीतल्या बायकांना फोन केले. शिरा केला. शेवंताबाईंचा आवाज म्हणजे खणखणीत. साऱ्या दिल्लीतल्या मराठी मंडळीत गीताची सुरुवात त्यांनीच करायची. बाहेरच्या खोलीत टाळ वाजू लागले आणि आतल्या खोलीत पोर निजून राहिली. कुणीतरी म्हणालं, उठवू का तिला, शिरा खाईल. शेवंताबाई म्हणाल्या, "निजू दे. चार दिवसांनी झोप लागलीय लेकराला."

डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो, हे त्या खोलीतल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. सुनीतीलाही नव्हतं. ते तिला त्या रात्री हॉस्पिटलात कळलं.

ती संध्याकाळी घरी आली तेव्हा गाणं चालू होतं. ती हसतच आत गेली. रेवतीचे हात बर्फासारखे होते.

तिसऱ्या दिवशी, मातीला आलेली माणसं अजून घरात असताना, सुनीती सासूसमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "तुम्ही माझं लेकरू गाऊन गाऊन मारलंत. तिच्या कबरीवर तुमची सावली पडता कामा नये."

शेवंताबाई एवढंच म्हणाल्या, "बरं."

त्यानंतर त्या कधी गायल्या नाहीत. उपासनेत गीताच्या वेळी उभ्या राहायच्या आणि पायांकडे बघायच्या. दोन नोव्हेंबरला सगळे आपापल्या माणसांच्या कबरी सजवायला जात, तेव्हा त्या गाडीतून फाटकापर्यंत येत आणि गाडीतच बसून राहत. एकदा राजीवच्या हाती गुलाबाचा हार पाठवला. सुनीतीनं तो घेतला आणि शेजारच्या कुणा परक्याच्या कबरीवर घातला. गाडीच्या काचेतून ते दिसत होतं. राजीव परत आला तर आईनं विचारलं, "चुरगळला नाही ना रे?"

एका घरात दोघी राहत होत्या. सुनीती वेळेवर ताट वाढायची, औषधं आणायची, डोळ्यांच्या ऑपरेशनला रजा घेऊन गेली. कर्तव्यात कसूर नव्हती. फक्त 'आई' अशी हाक ती विसरली होती. "जेवण वाढलंय," असं ती भिंतीकडे बघून म्हणे.

*

जानेवारीत, धुक्याच्या एका सकाळी, शेवंताबाई चहा पिऊन खुर्चीत बसल्या आणि तशाच गेल्या. कप हातातून पडलासुद्धा नाही.

पाळकसाहेब अशोक रणपिसे तासाभरात आले. प्रार्थना झाली. मग ते राजीवला गॅलरीत घेऊन गेले. सुनीती स्वयंपाकघरात होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

"जागेचा प्रश्न आहे, राजीव. कबरस्थानची कमिटी नवी कबर देत नाहीये. जुनी असेल तर उघडू देतात, पण घरचीच हवी."

"आमची एकच आहे, पास्टर."

"माहीत आहे."

"ते मी विचारू शकत नाही. मला विचारायला लावू नका, प्लीज."

पाळकसाहेब म्हणाले, "मग फरीदाबादच्या पुढे एक जागा आहे. ओळखीनं होईल. पण तिथं नाव लावू देत नाहीत. नुसता नंबर."

"चालेल. काय करणार?"

"एक सांगतो. शेवंताबाई मला दिवाळीच्या सुमारास म्हणाल्या होत्या. म्हणाल्या, मला कुठंही न्या, पण पोरीच्या कबरीत नको. सुनीतीला या दिल्लीत तेवढी एकच जागा आहे."

सुनीतीच्या हातातलं दुधाचं पातेलं ओट्यावर आपटलं. ती बाहेर आली. "झालं? मरता मरतासुद्धा चांगुलपणा दाखवून गेल्या ना? आता नाही म्हणाले तर मी वाईट!"

"सुनीती, अगं कोणी काही म्हणत नाहीये," राजीव म्हणाला.

"तेच तर! बारा वर्षं या घरात कोणी काही म्हणतच नाहीये."

पाळकसाहेबांनी हलकेच सांगितलं, की कबर खणायची असेल तर माणसांना दुपारपर्यंत कळवावं लागेल, म्हणजे उद्या सकाळी माती होईल. सक्ती नाही. फरीदाबादलाही प्रभूचीच जमीन आहे. एवढं बोलून ते खाली गेले.

तेवढ्यात कुमुदिनीमावशी आल्या. भगिनी मंडळात मयताला अंघोळ घालायचं काम त्यांच्याकडे असे. त्यांनी बाही वर केली, गरम पाणी मागितलं आणि सुनीतीला म्हणाल्या, "चल."

"मी?"

"मग कोण? घरात दुसरी बाई आहे का?"

दोघींनी म्हातारीला स्नान घातलं. सुनीतीनं इतक्या वर्षांत त्या देहाला हात लावला नव्हता. किती हलकी झाली होती! खांद्याची हाडं पाखरासारखी. मावशी सवयीनं गुणगुणायला लागल्या आणि एकदम थांबल्या. त्यांनी चोरट्या नजरेनं सुनीतीकडे पाहिलं.

"म्हणा," सुनीती म्हणाली.

"नको. राहू दे."

"म्हणा हो मावशी. आता काय व्हायचं राहिलंय?"

मावशी गायल्या नाहीत. टॉवेल पिळता पिळता म्हणाल्या, "त्या दिवशी मीही गात होते, सुनीती. टाळ माझ्या हातात होते. मला कधी का बोलली नाहीस?"

सुनीती पाय पुसत होती. गुडघ्यांशी आली आणि थबकली. दोन्ही गुडघ्यांवर काळे, जाड घट्टे होते, टाचेसारखे टणक.

"हे काय झालंय?"

"काय म्हणजे? गुडघे टेकून टेकून. फरशीवर. मी किती वेळा म्हटलं, शेवंताबाई, चटई तरी घ्या. ऐकतील तर ना."

पहाटे भिंतीपलीकडून येणारं पुटपुटणं सुनीतीनं हजारदा ऐकलं होतं. उशी कानावर दाबून ती म्हणायची, चालू झालं नाटक.

"एवढं काय मागायच्या?"

मावशींनी तिच्याकडे नीट बघितलं. "तुला ठाऊक नाही? अगं, एकच. 'माझ्या सुनेला सोडव, प्रभू. ती त्या मातीत अडकलीय, तिला सोडव.' स्वतःसाठी काही मागितलं असेल तर शपथ."

सुनीतीनं गुडघे पुसले. पुन्हा पुसले. कोरडे झाले तरी पुसत राहिली. मग ती उठून बाहेर गेली. राजीव फोनवर कुणाला तरी फरीदाबादचा रस्ता विचारत होता.

"ठेव तो फोन," ती म्हणाली. "रेवतीची कबर उघडायला सांग."

त्याला खरं वाटेना. "नक्की?"

"मला विचारू नकोस. विचारलंस तर मी नाही म्हणेन. मी त्यांना माफबिफ केलेलं नाही, कळलं ना? मी दमलेय फक्त. आणि खणताना मी तिथं उभी राहणार. कोणी धसमुसळेपणा केलेला मला चालणार नाही. लहान आहे ती."

*

सकाळी धुकं इतकं दाट होतं, की फाटकातून कबर दिसत नव्हती. पाळकसाहेब म्हणाले, बायकांनी शेडमध्ये थांबावं, पेटी येईल तेव्हा बोलावू. सुनीती थांबली नाही. राजीव तिचा दंड धरून होता.

दगड बाजूला केला. दोघं जण खणायला लागले. बारा वर्षं सुनीतीनं डोळे मिटले की एकच चित्र दिसायचं. निळा फ्रॉक, एका कुशीवर झोपलेली, गालाखाली हात, आणि थंडीनं अंग चोरलेलं. आता फावडं तिला लागेल. आता ती दचकेल.

"भैया, धीरे. ज़रा धीरे."

"जी मैडम. पीछे हो जाइए, मिट्टी खिसकती है."

आधी ओली माती आली. मग लाकडाचे काळे, भुसभुशीत तुकडे. मग पुन्हा माती. दोघांतला वयस्क माणूस फावडं ठेवून आत उतरला आणि हातांनी चाचपू लागला. त्यानं वर हात करून पांढरं फडकं मागितलं. बराच वेळ तो वाकून होता. मग त्यानं फडक्याला गाठ मारली आणि वर दिलं.

"बस?" सुनीतीनं विचारलं.

"बस जी. बच्चे का इतना ही रहता है."

सुनीतीनं ते दोन्ही हातांत घेतलं. कोथिंबिरीच्या जुडीएवढंही वजन नव्हतं. ती मातीच्या ढिगावर तशीच खाली बसली आणि मांडीवर ते गाठोडं घेऊन बघत राहिली. फ्रॉक नव्हता. गाल नव्हता. थंडी वाजायला अंगच नव्हतं. शाली कुणाला पांघरल्या मी? मेणकापडं कुणावर पसरली? कुणाला एकटं वाटू नये म्हणून मी पुण्याला गेले नाही, आईबापांच्या शेवटच्या दिवसांतही धड चार दिवस राहिले नाही?

"राजीव," ती म्हणाली, "अरे, ती इथं नाहीये."

तो तिच्याजवळ गुडघ्यावर बसला.

"नाहीये रे. बघ ना. कधीच गेलीय."

मेलेले पुन्हा उठतील, हे वाक्य ती लहानपणापासून दर रविवारी उभी राहून म्हणत आली होती. पाढे म्हणावेत तसं. त्या वाक्याला अर्थ असेल तर तो आता, या मांडीवर असायला हवा होता. एक तर तिची पोर या मातीत संपली होती आणि सगळं म्हणणं खोटं होतं. नाही तर ती त्याच रात्री कुणाचं तरी बोट धरून निघून गेली होती आणि तिची आई रिकाम्या घराच्या दाराशी राखण करत बसली होती. तिसरं काही नव्हतं. सुनीतीनं डोळे मिटले. तिला मोठी प्रार्थना कधी जमली नव्हती. "प्रभू येशू," ती मनात म्हणाली, "ती तुझ्याकडे आहे ना? एवढंच सांग. तुझ्याकडे असेल तर मी हे सोडते."

आकाशातून काही उत्तर आलं नाही. धुकं होतं तसंच होतं. पण दुखऱ्या दाताला जीभ लावून बघावी तशी तिनं ती जुनी भीती चाचपून बघितली, पोर थंडीत पडलीय ही, आणि ती हाताला लागेना. पुन्हा शोधली. नव्हतीच. जिथं ती असायची तिथं नुसती पोकळी होती आणि ती इतकी मोठी होती, की सुनीतीनं हंबरडा फोडला. माती दिली त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. भीती होती तोवर तिच्याकडे पोरीचं काहीतरी होतं. काळजी करायला, पांघरूण घालायला कुणीतरी होतं. आज तेही गेलं. आज तिची रेवती खरोखर तिच्या हातातून सुटली.

कुणी तिला उठवायला आलं नाही. राजीवही नाही. तो तिच्याबरोबर रडत होता. बारा वर्षांत त्यानं तिच्यासमोर रडायची हिंमत केली नव्हती.

पेटी आली. कबर खणणाऱ्यांची पद्धत अशी, की जुनं गाठोडं तळाला एका कोपऱ्यात ठेवायचं आणि वर पेटी सोडायची. वयस्क माणसानं हात पुढे केला. सुनीतीनं मान हलवली.

"पास्टर, झाकण काढा."

"सुनीतीताई..."

"अजून खिळे ठोकले नाहीत ना? मग काढा."

झाकण निघालं. शेवंताबाई पांढऱ्या साडीत, हात छातीशी जुळवून. सुनीती वाकली. ते गाठोडं तिनं म्हातारीच्या डाव्या कोपरापाशी, पदराच्या घडीत नीट बसवलं. इथं पोर नाही हे कळलं होतं, तरी हात हळूच चालले. त्यांना कोण समजावणार?

"आई," ती म्हणाली.

बारा वर्षांनी तो शब्द तोंडातून निघाला तो घोगरा, अडखळत.

"आई, हिला घ्या. तुमच्याजवळच झोप लागायची हिला. मी ओरडायचे, दहा वाजले, आपल्या खोलीत ये. तर तुमच्या पांघरुणात शिरून श्वास रोखून पडायची. तुम्ही म्हणायचात, इथं कुणी नाही बाई, शोध जा दुसरीकडे."

पाळकसाहेबांनी झाकण लावलं. विधी झाला. मूठमाती द्यायची वेळ आली तेव्हा ती सगळ्यांत आधी सुनीतीनं दिली.

*

परत निघाले तेव्हा उन्हं आली होती, फिकट, पातळ. राजीवनं गाडी सुरू करण्याआधी विचारलं, "थांबायचंय का तुला थोडं? मी इथं बसतो."

"नको," सुनीती म्हणाली. "चल."

गाडी फाटकाबाहेर आली. ती समोर बघत होती. रिंग रोडला लागल्यावर तिचे डोळे पुन्हा वाहायला लागले. पण हे रेवतीसाठी नव्हतं, ते राजीवलाही कळलं.

"तो हार मी दुसऱ्याच्या कबरीवर घातला होता," ती म्हणाली. "त्यांनी पाहिलं होतं."

"हो."

"आणि तरी त्या पहाटे उठून..." तिनं तोंडावर पदर धरला. "मी एकदा, एकदा जरी आत जाऊन बसले असते रे. भिंतीपलीकडेच तर होत्या. माफी मागायची माझी राहून गेली. आता मी कुठं जाऊन मागू?"

राजीव बँकेतला माणूस. देवाधर्माचं बोलणं त्याच्या तोंडी कधी नसे. मंडळीत प्रार्थना करायला कुणी उभं केलं तर त्याला घाम फुटायचा. त्यानं गिअर बदलला, एका ट्रकला वाट दिली आणि म्हणाला, "भेटशील तेव्हा माग."

तो हे इतक्या साध्या आवाजात म्हणाला, की जणू आई पुढच्या गाडीनं गेली होती आणि ही दोघं मागच्या गाडीनं निघणार होती. सुनीतीनं त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. समजूतही घालत नव्हता.

"ओळखतील मला?"

"तुला? अगं, तुझंच नाव घेऊन उठायची ती."

पुढे आझादपूरचा जाम लागला. ट्रक, रिक्षा, भाजीचे टेम्पो, सगळ्यांनी एकदम हॉर्न धरला. राजीवनं काच वर केली. गाडी बराच वेळ जागची हलली नाही, आणि त्या वेळात सुनीती आपल्या सासूसाठी पोट भरून रडली.